सूज उतरायची वाट कशाला पाहायची?

पुण्यात दातांचा दवाखाना चालवताना गाल सुजलेला पेशंट समोर येतो, तेव्हा बहुधा लवंग धरून झालेली असते, शेक देऊन झालेला असतो आणि केमिस्टकडून ॲमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्याही पोटात गेलेल्या असतात. त्यावर आम्ही डॉक्टरही पुष्कळदा कोर्स लिहून देतो आणि ‘सूज उतरली की या’ म्हणतो. हा सल्ला मला उलटा वाटतो. दाढेतली नस मेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो, मग रक्तातून जाणारं औषध पोचणार कसं? साठलेल्या पुवातही ते नीट शिरत नाही. गोळ्यांनी ठणका दबतो, पण जंतूंचं ठाणं शाबूत राहतं. म्हणून चीर देऊन पू काढणं, दाढ उघडून रूट कॅनाल सुरू करणं किंवा ती काढून टाकणं हाच खरा इलाज, आणि तो शक्यतो त्याच दिवशी. अमेरिकन डेंटल असोसिएशनची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वंही याच दिशेची आहेत: दातावर लगेच उपचार होणार असतील आणि ताप वगैरे नसेल, तर एरवी निरोगी प्रौढाला अँटिबायोटिकची सहसा गरज नसते.

यावर पहिला आक्षेप असतो, सुजेत भूल चढत नाही. त्यात तथ्य आहे. सुजलेल्या जागेतल्या आम्लतेमुळे औषध कमी पडतं. पण सुजेपासून दूर, नसेच्या मुळाशी दिलेली भूल बरेचदा काम करते. सुजेत दाढ काढली तर विष पसरतं, ही भीतीही जुनी आहे. प्रत्यक्षात उगमच काढल्यावर संसर्ग लवकर आटोक्यात येतो. मधुमेह असेल तर थांबावं, असं काहीजण म्हणतात. मला वाटतं, अशा पेशंटची साखर तपासून, अँटिबायोटिक जोडीला देऊन घाई करायला हवी, कारण संसर्ग त्यांच्यात झपाट्यानं पसरतो. ताप असेल, सूज पसरत असेल, तिथेही गोळ्या हव्यातच. मात्र उपचारासोबत, उपचाराऐवजी नव्हेत.

आपली मर्यादा ओळखणं हाही या कामाचाच भाग. खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोकं जबड्याला आतून चिकटलेल्या स्नायूच्या खाली उतरतात, त्यामुळे तिथला पू थेट जबड्याखाली, गळ्याकडे जातो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला, श्वास कोंडणारा आजार बहुतेकदा असाच सुरू होतो. तोंड दोन बोटंही उघडत नसेल, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, जीभ वर उचलली गेली असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा सूज डोळ्यापर्यंत चढली असेल, तर दवाखान्यात चीर देत बसू नये. फोन करून ससून रुग्णालयात किंवा अतिदक्षता विभाग आणि जबड्याचे सर्जन असलेल्या जवळच्या रुग्णालयात तत्काळ पाठवावं. उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य पेशंटना, आपल्याला मोकळा वेळ नाही म्हणून, फक्त गोळ्यांची चिठ्ठी देणं मला पटत नाही. पू काढायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ न काढलेला पू पुढे खातो. चिठ्ठी द्यावीच लागली, तर दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सूज पुन्हा पाहणं ही डॉक्टरची जबाबदारी आहे, पेशंटच्या मर्जीची गोष्ट नव्हे.