कोब्यावरचे ऑईलचे जुने डाग आणि आपलं धान्य



थोड्या दिवसांत मका काढणीला येईल. आमच्या बोदवडकडे बऱ्याच जणांचा मका घरासमोरच्या सिमेंटच्या कोब्यावरच वाळतो. त्याच कोब्यावर वर्षभर ट्रॅक्टर उभा असतो, तिथंच ऑईल बदललं जातं. काळे डाग पडतात, जुने होतात, मग नजरेला दिसतही नाहीत. यंदा दादर पसरायची वेळ आली तेव्हा घरातून पहिला प्रश्न हाच आला, "या डागांवर टाकता का खायची ज्वारी?" प्रश्न बरोबर होता. दादर ताडपत्रीवर वाळवली आणि मे महिन्यात डागांच्या मागे लागलो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. कोबा दिसतो घट्ट, पण त्याला बारीक छिद्रं असतात. ऑईल त्यात मुरून बसतं. थंडीत ते घट्ट होऊन गप्प राहतं. आपल्या जळगाव जिल्ह्याचं ४५ अंशांचं ऊन पडलं की पातळ होऊन वर येतं. म्हणजे ज्या उन्हात दाणा वाळतो, त्याच उन्हात तेल त्याला लागतं.

धान्याला तेल लागणं ही लहान गोष्ट नाही. बारदानाचंच बघा. ताग मऊ करायला गिरण्यांत खनिज तेल वापरत. ते गोणीतून कोको-कॉफीच्या बियांत उतरू लागलं, म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने खाद्यमालाच्या गोण्यांसाठी वेगळं मानक काढलं. तिथं तर तेल ताजं होतं. आपल्या कोब्यावरचं जळालेलं ऑईल, त्यात काजळी आणि इंजिन झिजून निघालेला धातूही असतो.

डाग जिवंत आहे का ते असं बघा. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे, जिरले तर कोबा बऱ्यापैकी मोकळा. दुसरी परीक्षा, भर दुपारी डागावर पांढरा कागद ठेवून वर वीट ठेवा. तासाभराने कागद तेलकट झाला तर तिथं धान्य नको.

काय करू नये ते आधी सांगतो.

फरशीचं ॲसिड टाकू नका. ते सिमेंट खातं, तेल तसंच राहतं. वरून कोबा खरबरीत होतो. पेट्रोल-रॉकेलने पुसू नका. तेल पातळ होऊन आणखी खोल जातं, आणि उन्हात आगीची भीती वेगळी. पाण्याचा पाईप लावून धुऊ नका. घाण वाहत नालीत, नाहीतर विहिरीकडे जाते. आपल्या तालुक्यात पाण्याची किंमत काय, हे सांगायला नको.

मी केलं ते असं.

१) वरची काळी खपली खुरप्याने कोरडीच खरवडली.
२) कपडे धुण्याचा सोडा आणि पावडर गरम पाण्यात घालून, हातमोजे घालून, काथ्याच्या ब्रशने घासलं. पाणी अगदी थोडं. ते वाहू न देता लाकडाच्या भुशाने टिपून घेतलं.
३) मुलतानी माती पावडरच्या पाण्यात घट्ट कालवून डागावर अर्धा इंच जाड थापली. वर प्लॅस्टिक, एक दिवस. मग प्लॅस्टिक काढून माती पूर्ण सुकू दिली. सुकताना ती तेल वर ओढते.
४) माती खरवडून पुन्हा नवीन थर.

आपल्या काळ्या मातीतही तेल धरणारी चिकण असते, पण तिच्यात तेल किती उतरलं ते दिसत नाही. मुलतानी माती पिवळट, तेल आलं की गडद होते. चौथ्या थराला ती गडद होईना, तेव्हा थांबलो.

चार डागांपैकी तीन पाण्याच्या परीक्षेत पास झाले. काळसर सावली राहिली, ती राहू द्या, सावली धान्याला लागत नाही. चौथा, इंजिनाच्या बरोबर खालचा, अजून कागद तेलकट करतो. त्याभोवती चुन्याची रेघ मारली आहे, तिथं दाणा पडणार नाही. पुढं तेवढा तुकडा फोडून नवा कोबा करावा लागेल.

निघालेली माती आणि भुसा उकिरड्यावर टाकू नका, शेणखतातून ते शेतात येईल. चुलीतही घालू नका. २०१६ च्या नियमांत जळालेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलं आहे. मी सगळं झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. ऑईल नेणारा परवानाधारक माणूस गॅरेजवर येतो, त्याला विचारून त्याच्याकडेच द्यायचं.

आता ट्रॅक्टरखाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात भुसा असतो. मका १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायला आपण इतकी धडपड करतो, तर मका पसरायच्या आधी कोब्यावर चार थेंब पाणी टाकून बघायला काय जातं?