दांडीच्या दहा दिवस आधी

मी रडलो होतो. हे आधी कबूल करतो आणि मग पुढचं लिहितो.

साल १९८३. नववीत होतो. शाळेने ‘गांधी’ सिनेमाला नेलं. हिंदीत डब केलेला. तिकिटाचे पैसे घरून आणायचे होते, बापाने दोन दिवस टाळाटाळ करून दिले. तीन तासांच्या वरचा सिनेमा. मीठ उचलण्याचा भाग आला, मग धारासणा. पांढऱ्या कपड्यातली माणसं रांगेने पुढं जातात, डोक्यात काठी बसते, पडतात. बाया त्यांना ओढून नेतात, पट्ट्या बांधतात. दुसरी रांग पुढं येते. कुणी हात उचलत नाही. थेटरात चिडीचूप. मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शेजारी पाटलाचा पोरगा, त्यानेही पुसले. त्याच्या घरच्या विहिरीवर मी पाणी शेंदायला गेलो नसतो, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. पण त्या काळोखात आम्ही एकाच माणसासाठी रडत होतो. खोटं रडत नव्हतो. अजूनही मी ते रडणं खोटं म्हणणार नाही.

घरी आलो. आजा ओट्यावर बसलेला. त्याला सगळं सांगितलं, हातवारे करून. काठ्या कशा बसतात, माणसं कशी पडतात. आजानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कोणतं साल रं ते?”

“१९३०.”

“म्हयना?”

मला पाठ होतं, मास्तरांनी घोकून घेतलेलं. १२ मार्चला साबरमतीहून ७८ माणसं घेऊन निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं.

आजा म्हणाला, “मंग नाशिक दावलं का?”

मी म्हटलं, नाशिक कशाला दाखवतील?

आजानं डोक्यावरचं फडकं काढलं. उजव्या कानाच्या वर, करंगळी बसेल एवढी खोक. ती खूण मी लहानपणापासून बघत होतो. बैलानं मारलं असेल असं धरून चाललो होतो, कधी विचारलं नव्हतं. बाप त्याची हजामत करायचा तेव्हा वस्तरा तिथं वळवून घ्यायचा, कारण गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता.

त्या दिवशी आजानं सांगितलं. २ मार्च १९३०. दांडीच्या दहा दिवस आधी. सिन्नरकडच्या आमच्या गावातून सहा जण रात्रभर चालत नाशिकला गेले, भाकरी फडक्यात बांधून. पंधरा हजारांवर माणूस जमलेला. चारचारच्या रांगेत मिरवणूक काळारामाच्या देवळाकडं निघाली. देवळाचे दरवाजे बंद. दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांवर तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. मग ९ एप्रिलला रामाचा रथ. आपल्या माणसांनीही रथाला हात लावायचा असं ठरलेलं होतं. ठरलेलं मोडून त्यांनी रथ पळवला आणि दगड सुरू झाले. पोलिसांचं कडं तोडून आत घुसणारा भास्कर कद्रेकर रक्तबंबाळ होऊन पडला. बाबासाहेबांवर पोरांनी छत्री धरली, तरी त्यांनाही लागलं. आजाला लागला तो त्यातलाच एक दगड.

६ एप्रिलला तिकडं मीठ. ९ एप्रिलला इकडं दगड. मधे तीन दिवस. मुंबई इलाखा एकच, सरकार एकच. तिथंही रांगा, इथंही रांगा. धारासण्याच्या काठ्यांची बातमी वेब मिलर या अमेरिकन वार्ताहरानं जगभर पोचवली. सिनेमात त्याच्या जागी दुसऱ्या नावाचा वार्ताहर फोनवर बातमी सांगतो, तिथंच तर मी रडलो होतो. काठी चालवणारा इंग्रजाचा नोकर होता. दगड मारणारा घराशेजारचा होता. त्याचं चित्र काढायचं तर वार्ताहर कुठून आणायचा?

मी विचारलं, “आज्या, मग मिठाचं खोटं का?”

तो म्हणाला, “खोटं कसं आसंल? मिठावर कर व्हता. आमीबी मीठच खातो की. पर वाणी आमाला मीठ वरून टाकायचा, पदरात. हाताला हात लागू द्यायचा न्हाई. त्यो कर कुनी उठवायचा?”

एवढंच बोलला. गांधींना शिवी दिली नाही. शिव्या मी दिल्या, पुढं कॉलेजात, मोर्चात, आपल्या मंडळींत बसून.

मोठा झाल्यावर तो सिनेमा पुन्हा दोनदा पाहिला, चिरफाड करायची म्हणूनच. रिचर्ड अॅटनबरोचं काम कच्चं नाही. आठ ऑस्कर उगाच मिळाले नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना कपड्यांसाठी मिळालं, ते भारतीयाला मिळालेलं पहिलं. अंत्ययात्रेच्या दृश्याला तीन लाखांच्या आसपास माणूस उभा केला. पण त्या सबंध सिनेमात बाबासाहेब एका फ्रेमपुरतेसुद्धा नाहीत. १९३२ चा सप्टेंबर नाही. येरवड्याचा उपास नाही, पुणे करार नाही. अस्पृश्य हा शब्द ठळकपणे येतो, तो कस्तुरबा संडास साफ करायला नकार देतात तेव्हा. म्हणजे आम्ही सिनेमात आहोत ते घाणीच्या निमित्तानं. आणि पैशात आपल्या सरकारच्या एनएफडीसीचा वाटा होता. म्हणजे माझ्या बापानं तिकिटाला दिला तोही, आणि त्याआधी कराच्या रूपानं दिला तोही.

इथवर लिहिलेलं तुमच्यापैकी कुणीही लिहील, मित्रांनो. पुढचं लिहायला मला जड जातं.

मागल्या एप्रिलात वस्तीतल्या पोरांनी विहारात पडदा लावला. जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. मामुट्टीला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. महाडचं तळं आलं, २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी ओंजळ तोंडाला लावली आणि पोरांनी शिट्ट्या वाजवल्या, जयभीमच्या घोषणा दिल्या. माझ्याही अंगावर काटा आला. पण माझी नजर मागं जात होती, तळ्याच्या पायऱ्यांवरच्या माणसांकडं. ती कोण? कुठून चालत आली? परत गेल्यावर गावानं त्यांचं काय केलं? महाडात त्याच दिवशी मार खाल्लेली माणसं होती, त्यांची घरं कोणती?

सिनेमा संपल्यावर घोषणा देणाऱ्यातल्या एकाला विचारलं, तुझ्या घरचं कुणी महाडला, नाशिकला होतं का? म्हणाला, “काका, काय माहीत. बाबासाहेब होते ना.”

त्याला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला तरी काय माहीत? आजा १९८७ साली गेला. चार वर्षं माझ्यासमोर ओट्यावर बसलेला होता. मी भाषणं लिहिली, पत्रकं काढली, अॅटनबरोवर दात ओठ खाल्ले. एक वही घेऊन त्याच्यापुढं बसलो नाही. गावातून सहा गेले एवढं ऐकलं. आजा सोडून पाच. त्यातल्या दोघांची नावं मला आठवतात. बाकी तिघं कोण, मी विचारलंच नाही. अॅटनबरोनं आमचा एक माणूस गाळला. मी माझ्या गावचे तीन गाळले. आणि मला तर कॅमेरा लागणार नव्हता, पेन्सिल पुरली असती.

त्या २५ बायांचं तर बोलायलाच नको. त्यात आमच्याकडची कुणी होती का, हे आजीला विचारायचं सुचलं नाही. ती आजाच्या आधीच गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात वही घेऊन गावी गेलो. वस्तीत नव्वदी गाठलेली एक म्हातारी आहे. ऐकू कमी येतं. तिच्या नातसुनेनं माझा प्रश्न तिच्या कानात ओरडून सांगितला. म्हातारी बराच वेळ गप्प. मग तिनं एक नाव सांगितलं, तिच्या सासऱ्याच्या भावाचं. तो परत आला तर पाटलानं त्याचं येसकरीचं बलुतं बंद केलं, घरची दोन वर्षं भाकरीला महाग झाली. दुसऱ्याचं नाव तिला येईना. लोक त्याला डावरा म्हणायचे, डाव्या हातानं जेवायचा म्हणून. वहीत तेवढंच लिहिलं, डावरा.

तिसऱ्याचं मिळालेलं नाही. दिवाळीत पुन्हा जाणार आहे.