दोन बिननावाच्या पायऱ्या

शेजारची पोर नंदुरबारला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत तळोद्याला आली की वही घेऊन माझ्या ओट्यावर बसते. मी मराठीचा बी.ए., पण शाळेत पाचवीचं गणितही वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात होतं. तिची आई माझीच विद्यार्थिनी.

परवा ती मापं पाठ करत होती. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलीग्रॅम, औषधाचा छोटा चमचा पाच मिलीलीटर, मोठा पंधरा. मी म्हटलं, पाठांतर पुरे, एखादं उदाहरण सोडव.

उदाहरण होतं हृदयाच्या औषधाचं. डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मिलीग्रॅमची, डॉक्टरांनी सांगितलंय १२५ मायक्रोग्रॅम. किती गोळ्या द्याल? पोरीनं भराभर मांडलं आणि उत्तर काढलं, ५०.

उत्तर अर्धी गोळी!

मी वही ओढून घेतली. तिनं एका मिलीग्रॅमचे दहा मायक्रोग्रॅम धरले होते. "असं का गं?" तर म्हणाली, "गुरुजी, आईनं शिकवलंय ना. किलो, हेक्टो, डेका, ग्रॅम, डेसी, सेंटी, मिली. दर पायरीला दहा. मायक्रो मिलीच्या खालची पायरी."

मी गप्पच झालो. ती पायऱ्यांची आकृती माझी. फळ्यावर दरवर्षी काढायचो. पुस्तकातला धडा मिलीपाशी संपायचा, मीही तिथंच खडू ठेवायचो.

आमच्या वडिलांच्या वेळी आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर. एक पायरी दुसरीसारखी नाही, त्यामुळे अंदाजानं पुढे जायची सोयच नव्हती. १९५६च्या कायद्यानं दशमान मापं आणली आणि फार बरं झालं, हिशेबाचा केवढा जाच गेला! पण सगळं दहा-दहाचं झालं की पुढचंही दहाचंच असणार असं वाटतं. यात पोरीचा काय दोष?

पन्नास गोळ्या म्हटल्यावर वॉर्डात कुणीतरी थबकेल. पण समोर कमी वजनाचं बाळ असेल आणि औषध सुईतून द्यायचं असेल, तर चूक अशी ओरडून सांगत नाही. आणि उद्या ही धडगावकडे डोंगरात एखाद्या उपकेंद्रावर रात्री एकटी असली तर? वही तपासायला तिथं कोण?

असो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पुन्हा पायऱ्या काढल्या. मिलीच्या खाली दोन कोऱ्या ठेवल्या आणि मग मायक्रो लिहिलं.

"या दोघींची नावं काय?"

"नावं नाहीत. पण उतरावं लागतंच. दहा, शंभर, हजार."

तिनं पुन्हा मांडलं. २५० मायक्रोग्रॅमची गोळी, पाहिजेत १२५. अर्धी.

संध्याकाळी तिची आई कुंपणापाशी आली. हातात तेच कॅलेंडर. "गुरुजी, या दोन पायऱ्या आम्हाला नव्हत्या शिकवल्या तुम्ही."

"नव्हत्या," मी म्हटलं.