पॅडची जाडी

लांब पल्ल्याची सायकल नव्यानं चालवू लागलेला माणूस पॅडवाली शॉर्ट्स घ्यायला गेला, की आधी पॅड चिमटीत धरून जाडी बघतो. जितकं जाड तितका आराम, हा त्यामागचा हिशेब, आणि माझ्या मते तो चुकीचा आहे. बूड दुखतं दाबामुळे हे खरं. पण माणसाला सायकलवरून उतरायला लावतं ते बहुधा घासणं आणि ओल. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर प्रत्येक मांडी तासाला ४,८०० वेळा सॅडलच्या कडेला खालीवर होते. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले दहा तास पॅडल मारण्यात गेले, तर आकडा ४८,००० होतो. इतक्या वेळा भिजलेल्या कातडीवर एखादी शिवण घासली, की आधी लाली, मग पुरळ, मग फोड. युरोपातले जुने स्पर्धक लोकरीच्या चड्डीला आतून शामॉय या डोंगरी प्राण्याचं पातळ कातडं लावत. त्यात गादी अशी नव्हतीच, शिवणी अंगाला लागू नयेत एवढंच काम. धुऊन वाळलं की ते कडक व्हायचं, म्हणून त्याला क्रीम चोळावं लागे. आजचं पॅड त्याचाच वारस आहे.

फार मऊ, जाड स्पंज बैठकीच्या दोन हाडांखाली पार दबतो आणि मधला भाग फुगून नाजूक जागी रुततो. तिथली नस दाबली गेली की बधिरपणा येतो. म्हणून पॅड अंगठ्यानं दाबून पाहावं. हाडं टेकतात तिथे ते घट्ट लागलं पाहिजे, अंगठा तळाला पोचता कामा नये, आणि सोडताच ते वर आलं पाहिजे. कडांना मात्र ते पातळ होत गेलेलं हवं. बायकांची ही हाडं साधारणपणे जास्त रुंद अंतरावर असतात, त्यामुळे त्यांनी पुरुषी मापाचं पॅड चालवून घेऊ नये. मापाची परीक्षा आरशासमोर ताठ उभं राहून होत नाही. हँडल धरल्यासारखं वाकावं आणि पॅडला कुठे चुणी पडते का ते हातानं चाचपावं. चुणी पडली तर शॉर्ट्स कितीही नामांकित कंपनीची असो, परत ठेवावी. आत अंडरवेअर घालू नये. अनेकांना हे अस्वच्छ वाटतं, पण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि त्याच्या शिवणी पॅडच्या आत येतात, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच वाया. दूधवाले आयुष्यभर पायजम्यावर सायकल चालवत आले, असंही ऐकवलं जातं. ते ताठ बसत, रुंद स्प्रिंगच्या सीटवर, आणि घरोघरी उतरत; चार-चार तास वाकून एकाच जागी बसणं त्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

मुद्दा घासण्याचा आणि ओलीचा आहे हे पटलं, तर धुणं हा खरेदीचाच अर्धा भाग ठरतो. घरी आल्यावर शॉर्ट्स आधी उतरवावी, चहा नंतर. ती उलटी करून, साध्या गार पाण्यात सौम्य साबणानं लगेच धुवावी. पॅड नळाखाली धरून तळव्यानं दाबत राहावं, पाणी नितळ येईपर्यंत, कारण आत उरलेला साबणही कातडीला चावतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो धाग्यांवर थर धरतो आणि घाम शोषला जात नाही. पिळण्याऐवजी टॉवेलात गुंडाळून दाबावं. रोज धुतल्यानं लायक्रा लवकर जाते, अशी तक्रार असते. तिला खरा त्रास घामाचा, गरम पाण्याचा, इस्त्रीचा आणि कडक उन्हाचा. ऊन जंतू मारतं हे खरंच आहे, तेव्हा पॅडची बाजू कोवळ्या उन्हाला थोडा वेळ द्यावी, बाकी सावलीत वाऱ्यावर. कोकणात पावसाळ्यात पॅड दोन दिवसही वाळत नाही, आणि दमट पॅड चढवणं म्हणजे जांघेत नायट्याला आमंत्रण. म्हणून एक भारी शॉर्ट्स घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन मध्यम घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे. आणि अंगठा दाबल्यावर पॅड वर येईनासं झालं, की कापड कितीही नवं दिसत असलं तरी ती शॉर्ट्स काढून टाका.