साठ की आठ? कॉम्प्युटरला हेडफोन घेताना



आज फवारणीवर नाही, खतावर नाही, हेडफोनवर लिहितोय. शेतीच्या पानावर हे कशाला, असं काहींना वाटंल. पण आता निम्मा सल्ला आपण ऑनलाइन मीटिंगमधे घेतो. तिथं डोस सांगितला जातो. तो नीट ऐकू आला नाही तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. म्हणून हा शेतीचाच विषय धरा.

द्राक्षाची फळछाटणी झाली की आमच्या गटाची आठवड्यातनं एकदा रात्री मीटिंग असते. पंधरा-वीस बागायतदार आणि सल्ला देणारे सर. मागच्या हंगामात एका मीटिंगला सर गाडीतनं बोलत होते, कानात ब्लूटूथ. शंभर लिटरला अमुक मिली, असा डोस सांगितला. मीटिंग संपल्या संपल्या पुतण्याचा फोन. "तात्या, आठ मिली म्हणाले सर. एवढ्यानं डावणी थांबंल व्हय?" दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला साठ. तिसरा म्हणाला आठ. मला विचाराल तर माझ्या कानाला "आठ" तेवढं कळलं होतं, त्याच्या पुढं काही होतं का नव्हतं ते सांगता येईना. शेवटी सरांना फोन लावला, लेबल काढून वाचलं. साठच होतं.

औषधाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर कोण तेवढंच वाचून पंप भरायला उठंल. मुद्दा एवढाच की साठच्या जागी आठ मारलं असतं तर डावणीनं बाग धरली असती. आणि कधी आठच्या जागी साठ मारलं तर घडावर स्कॉर्चिंग, वर निर्यातीचा माल असंल तर रेसिड्यूचा घोळ. एक "स" ऐकू न येण्याची ही किंमत.

हा "स"च का जातो, ते मी जरा खोलात जाऊन वाचलं. "स", "श", "फ" ही अक्षरं बारीक, शिट्टीसारख्या आवाजाची. "स"चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. साध्या फोनची जुनी लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत माइक चालू केला की आवाज ४००० च्या आतच राहतो. म्हणजे "साठ" मधला "स" वाटेतच गळतो आणि पलीकडं "आठ" पोचतं. माणूस ओळखीचा असतो, बोलणं कळतंय असं वाटतं, कारण वाक्याचा अंदाज आपण लावतो. आकड्याचा अंदाज लावता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. मी सव्वीस वर्षं उघड्या ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवतोय. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानाला घातक धरतात, आणि उघड्या ट्रॅक्टरवर त्याच्या वर सहज जातं. अशा आवाजानं कान बिघडतो तो पहिल्यांदा ४००० हर्ट्झच्या आसपासच. गेल्या वर्षी तपासणी केली तेव्हा कागदावरची रेघ बरीच पुढंपर्यंत सरळ होती आणि ४००० ला खड्डा. आपल्यातले किती जण म्हणतात, "आवाज येतोय, पण शब्द कळंना." तो हाच खड्डा. म्हणजे जिथं आपला कान कमी पडतो, नेमका तिथलाच आवाज स्वस्तातलं यंत्र कापून टाकतं. दोन्हीकडनं मार.

आता कॉम्प्युटरचं. माझा लॅपटॉप जुना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याच्यावर बसत नव्हतं. मुलानं लिनक्स मिंट टाकून दिलं. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, मीटिंग ब्राउझरमधनं होते. फक्त हेडसेट घ्यायला दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "लिनक्सला चालंल का नाही, गॅरंटी नाही." त्यामुळं घेण्याआधी काय बघायचं ते शिकावं लागलं. ते सांगतो.

वायरचे हेडसेट दोन प्रकारचे. एक गोल पिनचा, एक यूएसबीचा. गोल पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर तो फक्त ऐकायचा, माइक नाही. तीन रेघा असतील तर एकाच पिनेत माइकही आहे, मोबाइलला असतो तसा. लॅपटॉपला एकच भोक असंल आणि त्याच्याजवळ हेडसेटचं चित्र असंल तर हा चालतो. जुन्या डेस्कटॉपला दोन भोकं असतात, हिरवं ऐकायचं आणि गुलाबी माइकचं. तिथं दोन शेपट्यांची वायर मधे लावावी लागते, स्वस्तात मिळते.

गोल पिनेत एक अडचण आहे. आवाज लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डातनं जातो आणि आतली घरघर सोबत घेतो. त्यात आपल्याकडं अर्थिंगचा आनंदच. चार्जर लावला की हूंऽऽ, काढला की बंद, असं होत असंल तर दोष हेडफोनचा नाही, करंटचा आहे.

यूएसबी हेडसेटला स्वतःचं साउंड कार्ड वायरीत किंवा हेडसेटातच असतं. आवाजाचे आकडे बाहेरच होतात आणि मग लॅपटॉपमधे जातात. म्हणून ही घरघर बरीच टळते. आणि लिनक्सवाल्यांना महत्त्वाचं म्हणजे "यूएसबी ऑडिओ क्लास" नावाचा एक ठरलेला नियम १९९८ पासून आहे. त्या नियमात बनलेला हेडसेट लिनक्स आपोआप ओळखतं, सीडी नको, ड्रायव्हर नको. खोक्यावर "प्लग अँड प्ले" किंवा "ड्रायव्हरची गरज नाही" असं असलं की बहुतेक काम झालं. ज्या खोक्यावर "अमुक सॉफ्टवेअर टाका" लिहिलंय, गेम खेळायचे रंगीत दिवेवाले, ते टाळा. ते सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजपुरतंच असतं. आवाज येईल, पण ज्या करामतीचे पैसे मोजले त्या मिळणार नाहीत.

ब्लूटूथ वाईट आहे असं नाही. गाणी, भजन ऐकायला झकास. पण बहुतेक हेडसेटात माइक चालू केला की तो वेगळ्या, हलक्या पद्धतीवर जातो. लिनक्सच्या साउंड सेटिंगमधे दोन नावं दिसतात, ए-टू-डीपी आणि एचएसपी किंवा एचएफपी. पहिल्यात ऐकायला चांगलं पण माइक नाही. दुसऱ्यात माइक आहे पण आवाज डब्यातला. नवीन हेडसेटात आवाज ८००० हर्ट्झपर्यंत जातो, तो बरा. तरी ज्या मीटिंगमधे डोस आहे तिथं मी वायरच लावतो. चार्जिंग संपायची भीतीही नाही.

माइक कसला? टेबलावर ठेवायचा मोठा माइक व्हिडिओत छान दिसतो, पण आपल्या घरात पंखा, म्हैस, शेजारचा टीव्ही सगळं त्यात येतं. आपल्याला काडीवर तोंडाजवळ येणारा माइक पाहिजे. अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाई होते. नोझल पानापासनं लांब गेला की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. माइक ओठांच्या कोपऱ्यापासनं दोन बोटांवर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर श्वासाचे फुसके बसतात. स्पंजाची टोपी काढू नका.

खोक्यावरचं "नॉइज कॅन्सलेशन" नीट वाचा. एएनसी असंल तर ते तुमच्या कानाला शांतता देतं, पलीकडच्या माणसाला नाही. तुमचा आवाज स्वच्छ जायचा असंल तर माइकसाठी लिहिलेलं पाहिजे.

मी एका कानाचा घेतला, पंधराशेच्या आत. एक कान मोकळा लागतो. थ्री फेज रात्रीची असते, मोटार सुरू झाली का, घरातनं कोणी हाक मारली का, ते कळलं पाहिजे. ज्यांना घरात गोंगाट आहे त्यांनी दोन कानांचा घ्यावा. आवाज मात्र कमी ठेवा, नाहीतर ब्लोअरनं सोडलेलं हेडफोन खाईल.

लावल्यावर मिंटच्या साउंड सेटिंगमधे जा. आउटपुटमधे हेडसेट निवडा आणि इनपुटमधेही हेडसेटच निवडा. हे दुसरं खूप जण विसरतात. मग कानात हेडसेट आणि माइक लॅपटॉपचा, असं चालतं. बोलताना पट्टी अर्ध्याच्या जरा वर हलली पाहिजे, टोकाला लागली तर आवाज फाटतो. मीटिंगच्या पानावरही माइक निवडायची जागा असते, तिथंही बघा.

आता खरी परीक्षा. "हॅलो हॅलो" म्हणून काही कळत नाही. मी एका कागदावर आकडे लिहिले: साठ, आठ, सात, वीस, तीस, बासष्ट, पासष्ट, दीड, अडीच. उलटेपालटे वाचून रेकॉर्ड केले आणि सूनबाईंना ऐकून लिहायला सांगितलं. लॅपटॉपच्या माइकवर साठ-आठ आणि बासष्ट-पासष्टला त्या अडल्या. हेडसेटवर एकदाही नाही. दुकानातनं आणल्या दिवशीच ही परीक्षा करा, म्हणजे परत द्यायची मुदत हातात असते.

आमच्या गटात आता दोन नियम झालेत. आकडा सांगायचा तर "साठ, सहा शून्य" असा सांगायचा, आणि लगेच चॅटमधे टाकायचा. सरांनीही ते मान्य केलं. गाडीतनं बोलले तर डोस घरी पोचल्यावर लिहून पाठवतात. यंत्र कितीही चांगलं घेतलं तरी लेबल वाचल्याशिवाय टाकीत थेंब घालू नका.

तुमच्यापैकी लिनक्स कोण वापरतं, कुठला हेडसेट चालला, कुठला नाही, खाली लिहा. आणि ब्लोअरवर बसणाऱ्यांनी कानाला इअरमफ लावा. हेडसेट दुसरा मिळतो.