राक्षसांचे धैर्य

खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कारकुनाने राक्षसांच्या भित्रेपणावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु रविवारी मी वसाहतीतल्या मुलांसह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा कथाखेळ खेळतो. सूत्रधार मीच, त्यामुळे राक्षसांचे मनही मलाच सांभाळावे लागते.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याच्या १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला २ ते १२ असा धैर्यांक आहे. टोळीतला पहिला गडी पडला किंवा निम्मी टोळी निकामी झाली, की सूत्रधाराने दोन फासे टाकावेत. बेरीज धैर्यांकाहून अधिक आली, तर टोळी पळते किंवा शरण येते. गॉब्लिनांचा अंक ७. सांगाड्यांचा १२, ते पळतच नाहीत, कारण मेलेल्यांना भय कसले?

हा नियम आपल्याला अपरिचित नाही. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर चढले, आणि रिकामी अंबारी पाहताच फौजेचा धीर सुटला. हाती सापडलेल्या इब्राहिमखान गारद्याला ठार मारण्यात आले. जखमी होऊन निसटलेले महादजी शिंदे मात्र पुढे दिल्लीच्या राजकारणाचे सूत्रधार झाले.

मुलांना पळत्या शत्रूवर वार करण्याची घाई असते. मी विचारतो, “याने शस्त्र खाली ठेवले आहे, आता काय करणार?” इथे फासे उत्तर देत नाहीत. मुलांत वाद होतो, कधी रुसवेही. शत्रूला भय दिले, की जेत्यावर दयेची जबाबदारी येते. विजयाहून तीच अधिक अवघड असते.