अप्परच्या जावा

पुण्यात बिबवेवाडीत आमच्या सोसायटीचा कचरा दोघी जणी उचलतात. दोघी अप्पर इंदिरानगरला राहतात, सख्ख्या जावा. सोसायटीचा सचिव म्हणून माझी त्यांच्याशी ओळख झाली ती तक्रारींमुळे, आणि बहुतेक तक्रारी त्यांच्याच होत्या, आमच्या डब्यांबद्दल.

दोघी ‘स्वच्छ’च्या. ‘स्वच्छ’ म्हणजे कुणा ठेकेदाराची कंपनी, असा आमच्याकडे अनेकांचा समज होता. ती आहे कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. डॉ. बाबा आढाव, लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. ‘स्वच्छ’चा महापालिकेशी करार झाला तो 2008 मध्ये. म्हणजे आधी संघटना, मग संस्था. मला हा क्रम मोलाचा वाटतो. एकमेकींसाठी उभं राहायची सवय बायकांना आधी लागली, घरं वाटून घेणं नंतर आलं.

हे कळतं खाड्याच्या दिवशी. धाकटी गावाला जत्रेला गेली की थोरली वस्तीतल्याच एखादीला बदली म्हणून आणते. जिना चढता चढता तिला सगळं सांगून होतं: कुठले आजोबा काच वेगळी देतात, कोण डायपर कागदात न गुंडाळता तसाच टाकतं, कुणाच्या पिशवीत वरणभात आणि वर्तमानपत्र एकत्र असतं. ही माहिती कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. त्या दिवशीच्या सुक्या मालात बदलीचा वाटा असतो. पुठ्ठ्यावरून कुरबुर होते, पण गेटाबाहेर.

खरकट्याने भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. त्यामुळे एकीने घाईत सगळं एकाच पोत्यात कोंबलं तर नुकसान दोघींचं. इथे मुकादम लागत नाही, जाऊ पुरते. 2016 चे घनकचऱ्याचे नियम आम्ही नोटीसबोर्डावर लावले होते, कुणी वाचले असतील असं वाटत नाही. थोरलीने मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्याच दारात पिशवी उघडून दाखवली. काकू आठवडाभर फुगून होत्या. मग त्या मजल्यावर दोन डबे आले.

वार्षिक सभेत एकाने खासगी गाडी लावायचं सुचवलं. थोडं स्वस्त पडलं असतं. दर महिन्याला नवा माणूस येणार, त्याला कोण शिकवणार, असं मी विचारलं. ठराव बारगळला.

या घट्ट नात्याची दुसरी बाजूही मी पाहिली. वस्तीतल्याच एका तिसरीने आमच्याकडे काम मागितलं, तर दोघींनी तिला गेटही ओलांडू दिलं नाही. मला ते खटकलं, मी बोललोही. “आमच्या पोटावर येतं, दादा,” थोरली म्हणाली. काही महिन्यांनी गंगाधामच्या बाजूला एका सोसायटीत जागा झाली, तिथे तिसरीची वर्णी लागली; शब्द टाकला होता थोरलीनेच.